निवडून यायचे, पण चालवायचे नाही
कतरिना वादळानंतर, २००५ साली, न्यू ऑर्लीन्सच्या बहुतेक सरकारी शाळा लुइझियाना राज्याने ताब्यात घेतल्या आणि हळूहळू चार्टर संस्थांकडे, म्हणजे करारावर सरकारी शाळा चालवणाऱ्या स्वायत्त संस्थांकडे, सोपवल्या. १ जुलै २०१८ रोजी त्या स्थानिक शाळा मंडळाच्या देखरेखीखाली परतल्या. परतल्या म्हणजे काय, तर शिक्षकनेमणूक, पगार, अभ्यासक्रम सारे संस्थांकडेच. मंडळाने करार द्यायचा, निकाल आणि हिशेब तपासायचे, फार तर करार काढून घ्यायचा. शाळा बंद करता येते, वर्गात मात्र डोकावता येत नाही! वादळानंतर निकाल सुधारले, हे खरेच. पण मतदारांना उत्तर मंडळाने द्यायचे आणि निर्णय न निवडलेल्या संचालकांनी घ्यायचे, ही वाटणी आम्हाला पटत नाही.