करावरचा कर आणि त्याची पावती

जून उजाडला की कचेऱ्यांत ‘फॉर्म १६’चे वाटप सुरू होते. पगारदार माणूस तो उघडतो, रिफंड मिळणार की आणखी भरायचे एवढे पाहतो आणि सीएकडे धाडून मोकळा होतो. त्याच कागदावर ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ अशी एक ओळ असते. तिच्यापाशी सहसा कोणी थांबत नाही.

समजा, २०२५-२६ मध्ये एखाद्याचा पगार १५ लाख आहे आणि त्याने नवी करप्रणाली घेतली आहे. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की १४ लाख २५ हजार उरतात. त्यावर कर ९३,७५० रुपये आणि त्या कराच्या ४ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये, उपकर. हा उपकर उत्पन्नावर नाही, करावर आहे. म्हणूनच सवलतीमुळे ज्याचा कर शून्य होतो, त्याला उपकरही लागत नाही.

या उपकराचे पुढे काय होते, हे त्या कागदावर नसते. करदात्याकडून मात्र पै-पैचा मेळ अपेक्षित असतो. कापलेला टीडीएस ‘२६-एएस’ या करखात्याच्या उताऱ्यात दिसला पाहिजे. नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या ‘एआयएस’ या वार्षिक माहिती विवरणात तर बचत खात्याचे व्याज आणि लाभांशही टिपलेले असतात. मालकाने पगारातून कर कापला आणि सरकारजमाच केला नाही, तर? वसुली मालकाकडून करा, नोकराकडून नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले आहे. पण ‘२६-एएस’ कोरा असला की थकबाकीची नोटीस येते नोकराच्याच नावे. तेव्हा कामी येतात त्या पगाराच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक. त्या रद्दीत घालू नयेत.

एवढी शिस्त लावणाऱ्या सरकारची स्वतःची वही कशी आहे? २००४ मध्ये २ टक्के शिक्षण उपकर आला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का. या दुसऱ्या उपकराचे २०१६-१७ पर्यंत ८३ हजार कोटींहून अधिक जमले, पण ते ठेवायला स्वतंत्र निधीच नव्हता. हे ‘कॅग’ने दाखवून दिले. पुढे तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी २०१८ मध्ये हे दोन्ही उपकर गुंडाळून ४ टक्क्यांचा नवा उपकर आणला, त्यात आरोग्य जोडले. आरोग्याच्या वाट्यासाठी पंतप्रधान स्वास्थ्य सुरक्षा निधी मंजूर झाला तो मार्च २०२१ मध्ये. तोवर कोरोनाचे वर्ष सरले होते.

आरोग्याचा वाटा चौथा हिस्सा. वरच्या उदाहरणात ९३७ रुपये ५० पैसे. सार्वजनिक आरोग्य हा घटनेने राज्यांकडे दिलेला विषय, पण उपकर राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. पुण्याच्या ससूनसारखी रुग्णालये चालवणाऱ्या राज्याचा त्या पैशावर हक्क नाही, केंद्राच्या योजनेतून येईल तेवढेच.

महाराष्ट्राने असा कर वेगळ्या रीतीने मागितला होता. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावच्या मजुरीचा भार उचलायचा, हा व्यवहार निदान उघड होता.

उपकराचाही तसा हिशेब मागायला हवा. ‘२६-एएस’च्या तळाशी आणखी दोन आकडे छापणे कठीण नाही: यंदा आरोग्याच्या नावावर किती जमले आणि त्यातले निधीत किती गेले.