पडद्यावरचे घर आणि पायाखालची माती



परवा एका विद्यार्थ्याने गावी बांधायच्या घराचे चित्र मला मोबाइलवर दाखवले. बोट फिरवले की घर फिरे. जिना, गच्ची, गच्चीवरची टाकी, सारे दिसे. मी विचारले, "खाली काळी माती किती फूट आहे?" त्याला ठाऊक नव्हते. चित्र काढणाऱ्यानेही विचारले नव्हते.

संगणकाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. धामणगावहून रेल्वेने नागपूरला गेलात तर तिथली मेट्रो जरूर पाहा. मार्च २०१९ मध्ये ती धावू लागली. तिच्या बांधकामात महामेट्रोने '५-डी बीआयएम' ही पद्धत वापरली. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती. चौथी वेळ आणि पाचवी खर्च. कागदी नकाशात खांब म्हणजे काही रेषा. संगणकातल्या या प्रतिरूपात मात्र खांबाबरोबर त्याचे माप, त्याला लागणारे काँक्रीट, तो उभा करण्याची वेळ आणि खर्च, हे सारे जोडलेले असते. एखादा पाइप तुळईतून आरपार जात असेल, तर ती चूक बांधण्यापूर्वीच दिसते. वर्धा रोडवर खांबांच्या एकाच रांगेवर खाली वाहनांचा पूल आणि वर मेट्रो आहे, तोही ३.१४ किलोमीटर लांब. अशा कामात आधी चूक सापडणे किती मोलाचे!

पण संगणक तपासतो ते गणित. आपण त्याला जे गृहीत धरायला सांगतो, ते खरे की खोटे हे तो स्वतःहून पाहत नाही. अमेरिकेत हार्टफर्ड येथे एका भव्य क्रीडागृहाचे छत संगणकाच्या साहाय्याने आखले होते. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे, बर्फाच्या भाराखाली ते कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे हजारो प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. सुदैवाने पहाटे आत कोणी नव्हते. छताच्या पोलादी दांड्यांना मध्यभागी आडवा आधार आहे, असे गणितात धरले होते. प्रत्यक्षात कित्येक दांड्यांना तो पुरेसा नव्हता. छताचे वजनही धरल्यापेक्षा जास्त भरले.

मधल्या आधाराने एवढा काय फरक पडतो? प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. ती चटकन बाकते. आता मित्राला ती मधोमध धरायला सांगा. मोकळी लांबी निम्मी झाली, की बाकण्यापूर्वी पट्टी सुमारे चौपट भार पेलते. हे चौपट बळ गणितात होते, छतात नव्हते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगांत हात जातो, हे तुम्ही पाहिलेच असेल. या थरात पाया ठेवला तर माती त्याला दरवर्षी कमीजास्त उचलते आणि खाली सोडते. मग दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भिंतींना तिरप्या भेगा पडतात. उपाय आहेत. पाया मुरमापर्यंत न्यावा, किंवा रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने विकसित केलेले, बुडाशी कांद्यासारखे फुगीर खांब जमिनीत खोल रोवावेत. पण आधी खड्डा खणून माती पाहायला हवी. ते काम पडदा करीत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की घराचे रंगीत चित्र नंतर, मातीची परीक्षा आधी. आणि शाळेत संगणकावर आराखडे शिकवायचेच असतील, तर त्याआधी मुलांच्या हाती टेप द्यावा. शिक्षकांनी एक तास वर्गखोली मोजण्यात घालवावा. खोली ४ मीटर × ५ मीटर आणि स्लॅब १२ सेंटीमीटर जाड असेल, तर काँक्रीट २.४ घनमीटर झाले. लोखंडासह एक घनमीटर सुमारे २,५०० किलो धरा. म्हणजे तुमच्या डोक्यावर ६,००० किलो! वर १,००० लिटरची भरलेली टाकी ठेवली की आणखी १,००० किलो.

हा हिशेब ज्याने एकदा हाताने केला, तो पडद्यावरचा आकडा डोळे मिटून मान्य करणार नाही. तुमच्यातले काही जण उद्या संगणकावर घरे आखतील. जरूर आखा. मात्र पहिला प्रश्न विसरू नका: खाली माती कोणती?