कच्चं मत, पक्कं मत

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. निमित्त भाचीचं. (ताई, तू हे वाचणारच आहेस, म्हणून आधीच सांगतो. लेकीवर माझा अजिबात राग नाही. राग आहे तो तिच्या क्लासने दिलेल्या झेरॉक्स पुस्तिकेवर.)

भाचीला पुढच्या वर्षी इंग्लंडला शिकायला जायचंय. त्यासाठी आयएल्ट्सची तयारी चालू आहे. ज्यांचा या परीक्षेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तिच्यात एक निबंध असतो. ४० मिनिटांत निदान २५० शब्द लिहायचे. एक विधान देतात आणि विचारतात, तुम्ही याच्याशी कितपत सहमत आहात? विषय ठरलेले असतात. पर्यावरण, शिक्षण, मोबाईल आणि हटकून 'गुन्हा आणि शिक्षा'.

तर रविवारी दुपारी ही घरी आली, जेवली, आणि म्हणाली, "मामा, तू घड्याळ लाव आणि मी लिहिते ते तपास." मी पुस्तिका चाळली. एका पानावर दोन रकाने होते. डावीकडे 'स्ट्राँग ओपिनियन': आय स्ट्राँगली बिलीव्ह, आय अ‍ॅम कन्व्हिन्स्ड, देअर इज नो डाउट दॅट. उजवीकडे 'वीक ओपिनियन': आय अ‍ॅम इन्क्लाइन्ड टू थिंक, इट कुड बी आर्ग्यूड दॅट, आय अ‍ॅम नॉट एन्टायरली शुअर बट. खाली ठळक अक्षरात सूचना, की परीक्षेत शक्यतो डावीकडचं वापरा, त्याने आत्मविश्वास दिसतो. आणि मग गाळलेल्या जागा भरा. 'खुन्यांना फाशी झालीच पाहिजे', 'शिक्षा कडक केल्या की गुन्हे कमी होतात', 'तुरुंगात माणूस सुधारतो', अशी दहा विधानं, आणि प्रत्येकापुढे डावीकडचा एक तुकडा चिकटवायचा. जणू समोशावर चटणी कुठली हवी, हिरवी की लाल.

व्याकरणाची काळजी मात्र चोख घेतलेली. चित्र भिंतीवर 'हंग' असतं आणि माणूस 'हँग्ड', यावर एक स्वतंत्र चौकट होती.

भाचीने ३७ मिनिटांत निबंध संपवला. इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. फाशीची शिक्षा असलीच पाहिजे याबद्दल तिच्या मनात कसलीही शंका नव्हती, तिने गुन्हे कमी होतील याची खात्री दिली होती आणि जे विरोध करतात ते वास्तवापासून दूर आहेत असंही बजावलं होतं. मी विचारलं, "तुला खरंच असं वाटतं?"

"अरे मामा, वाटायचा काय संबंध? निबंध आहे तो."

आता यात तिची चूक काहीच नाही. परीक्षा भाषेची आहे, मतांची नाही, हेही मला कळतं. पण मी नंतर त्या परीक्षेचे गुण देण्याचे निकष वाचून काढले. तिथे भूमिका स्पष्ट हवी असं म्हटलंय. स्पष्ट. टोकाची नाही. 'अमुक इतकं मला पटतं, यापुढे पटत नाही' हीसुद्धा पूर्ण स्पष्ट भूमिका असते. क्लासवाल्यांनी स्पष्टचं स्ट्राँग करून टाकलं.

माझं भांडण इथेच आहे. मत पक्कं की कच्चं हे बोलणाऱ्याच्या आवाजावर ठरत नाही, त्याला काय आणि किती माहीत आहे यावर ठरतं. निदान गुन्हा आणि शिक्षा या विषयात तरी ठरायला हवं, कारण इथे मताच्या दुसऱ्या टोकाला कुणाचातरी गळा असतो. पंचवीस वाक्प्रचार पाठ करून घ्यायचे आणि कुठलं कधी म्हणायचं याचा अधिकार कुठून येतो, हे एका ओळीतही सांगायचं नाही, हे मला भयंकर वाटतं.

गंमत म्हणजे ज्या इंग्रजीत हे शिकवतायत तिच्यात याच विषयावर केवढी बारीक चढण आहे! पोलिसांनी संशय घ्यायला वेगळा शब्द, आरोप ठेवायला वेगळा, दिवाणी दाव्यात कुणाचं पारडं जड एवढंच बघायचं, आणि शिक्षा करायची तर गुन्हा वाजवी शंकेच्या पलीकडे सिद्ध व्हायला हवा. या शेकडो वर्षं घासून बसलेल्या पायऱ्या आहेत. आपल्या सिनेमात वकील म्हणतो ना, शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, त्याचं मूळ बहुधा ब्लॅकस्टोन नावाच्या इंग्रज कायदेपंडितात आहे. त्याने १७६९ साली दहाच म्हटले होते. आपल्याकडे येईपर्यंत शंभर झाले. आकडा वाढला, पण पाळणं वाढलं नाही.

आणि मराठी? मराठीत तर या पायऱ्या क्रियापदातच आहेत. त्याने चोरी केली. केली असणार. केली असावी. केली असेल. केली म्हणे. केली की काय! प्रत्येकाचं वजन वेगळं, आणि ते तिसरीतल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. 'म्हणे' हा तर किती प्रामाणिक शब्द. मी पाहिलं नाही, ऐकलंय, जबाबदारी सांगणाऱ्याची. तुरुंगाच्या बाबतीतही मराठीने फरक राखलाय. खटला चालू असलेला तो 'कच्चा कैदी'. २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे आहेत. पण टीव्हीवर कुणी पकडला गेल्याचं दिसलं की आमच्या घरातही, भाषा कुठलीही असो, थेट शेवटची पायरी. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "लटकवा मेल्याला." भाची तेच इंग्रजीत म्हणते, व्याकरणशुद्ध.

आणि मीही म्हटलंय. ते सांगितल्याशिवाय ही पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही.

२००३च्या जूनमध्ये नाशिकजवळ एका बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले. बलात्कारही झाला. फार भीषण प्रकार होता. सहा जणांवर खटला चालला, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. म्हणजे सहाच्या सहा. त्या दिवशी मी अमेरिकेतल्या चुलतभावाला ऑफिसमधून ईमेल केली होती. तेव्हा आम्ही एकमेकांना इंग्रजीतच लिहायचो, मराठी टाईप करता येत नव्हतं. तिच्यात एक ओळ होती: जस्टिस सर्व्ह्ड, नो डाउट. म्हणजे पुस्तिकेच्या डावीकडच्या रकान्यातला माल. मी निकाल वाचला होता का? नाही. पुरावा काय होता माहीत होतं का? नाही. पेपरातली अर्धी बातमी, तीही चहा पिता पिता.

२०१९च्या मार्चमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईंनी सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार भलतीच माणसं ओळखली होती, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. तुरुंगात गेली जवळपास सोळा वर्षं. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, असं न्यायालयाने सांगितलं. आणि त्या मारल्या गेलेल्या पाच जणांना न्याय? तो राहिलाच. हे फाशीवाल्यांनी जास्त मनावर घ्यायला हवं, खरा गुन्हेगार बाहेर फिरत राहिला की.

गेल्या आठवड्यात जुनी ईमेल शोधून काढली आणि भावाला कळवलं, की ते सहा जण सुटले होते बरं का. त्याचं उत्तर आलं, "कोणते सहा?" त्याला दोष देत नाही. मी तरी कुठे पुन्हा आठवण काढली होती? दहा वर्षं ते लोक मरणाची वाट बघत होते आणि माझं नो डाउट एका मिनिटात टाईप होऊन विसरलंही गेलं होतं.

बरं, फाशीने खून कमी होतात का? भाचीच्या निबंधात 'निःसंशय' होतात. अमेरिकेत यावर कित्येक दशकं अभ्यास झाले. तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ साली ते सगळे तपासून निष्कर्ष काढला, की या अभ्यासांवरून फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीच सांगता येत नाही. बघा, तज्ज्ञांनी ठासून सांगितलं ते काय, तर सांगता येत नाही! पुस्तिकेच्या हिशेबाने हे 'वीक'. माझ्या हिशेबाने या विषयावरचं इतकं पक्कं विधान दुसरं नसेल.

तिला ज्या देशात जायचंय तिथलंही सांगितलं. लंडनमध्ये टिमोथी एव्हन्स नावाच्या माणसाला स्वतःच्या लहान मुलीच्या खुनासाठी १९५० साली फाशी दिली. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्षीदार होता त्याच घरात खाली राहणारा ख्रिस्ती. तीन वर्षांनी त्या घरात बायकांची प्रेतं सापडली आणि हा ख्रिस्तीच खुनी निघाला. एव्हन्सला माफी मिळाली १९६६ साली, मेल्यावर सोळा वर्षांनी. तोवर, १९६५ साली, ब्रिटनने खुनासाठीची फाशी आधी तात्पुरती थांबवली होती, १९६९ साली कायमची. भाची म्हणाली, "हे पुस्तिकेत का नाही?" मी काय सांगणार.

आता कुणी म्हणेल, म्हणजे काय आम्ही सदा 'असेल, असावं' करत बसायचं? गुळमुळीत? मुळीच नाही. उलट मला राग याचाही येतो, की जिथे ठणकावून बोलायला हवं तिथे आपण नेमकं उजव्या रकान्यात जातो. कोठडीत माणूस मेला तर बातमी येते, 'कोठडीत मृत्यू'. कुणी मारलं हे वाक्यातून गायब. पोलिसांनी गोळी घातली की 'चकमकीत ठार'. अटकेतल्या माणसाला मारायचं नाही, नातेवाइकाला कळवायचं, अटकेची नोंद करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बसू निकालात घालून दिलंय. यावर आय स्ट्राँगली बिलीव्ह म्हणा की हजार वेळा! त्यासाठी खटल्याचा पुरावा वाचायची गरज नाही, माणूस दोषी आहे की नाही हेही माहीत असायची गरज नाही. पण तिथे आपण म्हणतो, तसा तो गुन्हेगारच असेल ना. बघा, 'असेल' कुठे वापरलंय.

छोट्या गुन्ह्यांचं तर कुणाला मतच नसतं. जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पहिल्यांदाच समाजसेवा ही शिक्षा आलीय. उदाहरणार्थ, पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा, आणि चोरलेला माल परत केला तर. मला हे बरं वाटतंय. बरं वाटतंय, एवढंच. कसं चालतं ते अजून पाहायचंय. हे माझं कच्चं मत आणि मला त्याची लाज वाटत नाही.

संध्याकाळी भाचीने निबंध पुन्हा लिहिला. या वेळी ४३ मिनिटं लागली, म्हणजे तीन जास्त. बाजू तिने बदलली नाही. अगदी निर्घृण गुन्ह्यांत फाशी असावी असं तिचं म्हणणं कायम आहे, आणि मी वाद घातला नाही. पण 'निःसंशय' गेलं. धाक बसतो याचा पुरावा मिळालेला नाही हे तिने लिहिलं, आणि चुकून फाशी गेलेल्याला परत आणता येत नाही हे आपल्या मताविरुद्धचं सगळ्यात वजनदार कारण आहे असंही. मला वाचून दाखवताना 'सगळ्यात वजनदार'पाशी ती थांबली आणि म्हणाली, "मामा, हे लिहिल्यावर मला माझंच पटेनासं होतंय, त्याचं काय करू?" आई आतून म्हणाली, "आधी वेळेत संपवायचं बघ."

परीक्षा पुढच्या शनिवारी आहे. निकाल लागला की कळवतोच. पुस्तिका तिने इथेच विसरलीय, ताई, येशील तेव्हा घेऊन जा.