एका सामन्याचा मोसम

आपल्या घरांतली मुले रात्री जागून इंग्लंडमधले फुटबॉल सामने पाहतात. तिथल्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघाला एका मोसमात ३८ सामने मिळतात. एक हरला तर पुढच्या आठवड्यात दुसरा असतोच. बारामती किंवा इंदापूरच्या महाविद्यालयाकडून खेळणाऱ्या मुलाचे तसे नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीने खेळवली, की पहिला सामना हरताच त्याचा वर्षभराचा मोसम संपतो. पावसाळ्यापासून सराव केलेला, बूट उधारीवर घेतलेला मुलगा संध्याकाळी एसटीने घरी परत येतो आणि घरचे विचारतात, "एवढ्यासाठीच का रोज मैदानावर जात होतास?"

हा प्रश्न आम्ही शिक्षक मंडळी वारंवार ऐकतो. त्याचे उत्तर पालकांना द्यायला हवे, आणि त्यासाठी ही स्पर्धा चालते कशी हे आधी माहीत असायला हवे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा स्पर्धा विभागवार होतात. पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे हे विभाग. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय असो की इंदापूरचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय, आपल्या भागातली महाविद्यालये पुणे जिल्हा विभागात येतात. आपल्याकडे गावोगावी कबड्डीची मैदाने आहेत; फुटबॉलला मात्र नीट आखलेले मैदान आणि कायमचा प्रशिक्षक मिळणे कठीण.

परंतु पालकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. आंतरविभागीय स्पर्धेत जाणारा विभागाचा संघ म्हणजे विजेत्या महाविद्यालयाचा जसाच्या तसा संघ नव्हे. वेगवेगळ्या महाविद्यालयांतले खेळाडू निवडून तो बांधला जातो. पुढे विभागांच्या संघांतून विद्यापीठाचा संघ निघतो. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी खेळतो. म्हणजे संघ हरला तरी चांगल्या खेळाडूची वाट तिथेच बंद होत नाही. एका सामन्यातही त्याचा खेळ निवडणाऱ्यांच्या नजरेत भरू शकतो. म्हणूनच तीन गोल खाल्ल्यावरही शेवटच्या मिनिटापर्यंत धावणारा मुलगा वेडा नसतो.

खोटी आशाही दाखवू नये. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे; पण त्यासाठी वरच्या पातळीवरच्या कामगिरीच्या अटी आहेत. विभागीय स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही. खेळतो म्हणून अभ्यासाला सूट, असा करार घरात करू नये. मात्र नोकरी मिळत नाही म्हणून खेळ व्यर्थ, हेही खरे नव्हे. वेळेवर उठणे, हार पचवणे, पंचाचा निर्णय मनाविरुद्ध गेला तरी जीभ आवरणे, आपल्या वस्तीबाहेरच्या दहा मुलांवर भरवसा ठेवणे, हे सर्व त्या मैदानावर शिकायला मिळते. आमच्या वर्गात फळ्यावर लिहून ते शिकवता येत नाही.

या निमित्ताने सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण घरात जरूर सांगावी. हैदराबादचे रहीमसाहेब पेशाने शिक्षक होते. १९५० पासून १९६३ मध्ये इंतकाल होईपर्यंत ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्यांच्या सरावाच्या पद्धती साध्या होत्या. चेंडू पायात घोळवायचा नाही, लगेच साथीदाराकडे द्यायचा, अशा अटीचे सामने ते खेळवत. कमजोर पायानेच खेळायचे, असेही सामने घेत. याला ना मोठे मैदान लागते ना पैसा. इंदापूरच्या एखाद्या मोकळ्या पटांगणात पाच-पाच मुलांना हे उद्यापासून करता येईल.

दीनदार घरांत आणखी एक शंका असते, ती नमाजची. हिवाळ्यात असर आणि मगरिब यांच्यामध्ये सुमारे दीड तास मिळतो. सराव तेवढ्यात बसतो. दोन्ही नमाज वेळेवर होतात. सामना जुम्याच्या दिवशी असेल तर मुलाने क्रीडाशिक्षकांना आठवडाभर आधी अदबीने सांगावे. सामन्याच्या तोंडावर सांगितले तर तेही अडचणीत येतात. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल, म्हणजे खेळाच्या ऐन दिवसांत. तेव्हा सराव इफ्तारनंतर ठेवता येतो का, हे आत्तापासून बोलून ठेवलेले बरे. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना रोजेदार खेळाडूंना इफ्तार करता यावा म्हणून क्षणभर थांबवला गेला होता. आधी नीट सांगितले की लोक ऐकतात.

आणि मुलींचे काय? रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण दर्समध्ये ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. डोके झाकून फुटबॉल खेळायला २०१४ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगी आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. बारामतीच्या मुलीने खेळायचे म्हटले तर पोशाखाची अडचण राहिलेली नाही. तिला मैदानावर सोडायला आणि आणायला घरातले कोणी जाते का, एवढाच प्रश्न उरतो.

यंदा तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाकडून खेळत असेल तर वेळापत्रक विचारा. सामना बारामतीत असो वा ५० किलोमीटरवरच्या इंदापुरात, दुकान दोन तास भावाकडे सोपवा आणि जाऊन बघा. अब्बू मैदानाच्या कडेला उभे आहेत, हे दिसल्यावर मूल कसे धावते तेही पाहा. हरून आले तर "एवढ्यासाठीच का?" असे विचारू नका. पाणी द्या, बसू द्या, आणि पुढचा सराव केव्हा आहे ते विचारा.