सागरप्रवासाची पुस्तके

समुद्र, जहाजे आणि सागरप्रवास यांवरची पुस्तके म्हणजे मुलांचे वाङ्मय, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. वादळे, चाचे आणि निर्जन बेटे यांच्या कथा कुमारवयात वाचाव्यात आणि पुढे विसरून जाव्यात, असे मानले जाते. शिवाय ज्याने समुद्र कधी पाहिलाच नाही, त्याला या पुस्तकांचे काय, असाही प्रश्न केला जातो. माझे मत याच्या उलट आहे. ज्याने संसाराचा भार वाहिला आहे, ज्याच्या हातांना कष्टांची ओळख आहे, त्याला या पुस्तकांचा आनंद अधिक मिळतो. कारण त्यांतील उत्तम पुस्तकांचा खरा विषय वादळ नसून काम हा असतो.

जोशुआ स्लोकम यांचेच उदाहरण घ्या. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले दर्यावर्दी. कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथे १८४४ साली जन्मलेल्या स्लोकम यांची शाळा लहानपणीच सुटली आणि ते वडिलांच्या बूट तयार करण्याच्या कामाला लागले. पुढे ते शिडाच्या जहाजांचे कप्तान झाले. परंतु वाफेची जहाजे आली आणि त्यांचा व्यवसाय बसला. पन्नाशीच्या सुमारास हाताला काम नसलेल्या या माणसाला एका मित्राने शेतात टेकू लावून ठेवलेली एक मोडकळीस आलेली नौका दिली. स्लोकम यांनी ती जवळजवळ नव्याने बांधली. त्यासाठी १३ महिने लागले आणि ५५३ डॉलर व ६२ सेंट खर्च आला. 'स्प्रे' नावाच्या या नौकेतून एप्रिल १८९५ मध्ये ते बॉस्टनहून निघाले आणि जून १८९८ मध्ये अमेरिकेस परतले. त्यांचे प्रवासवर्णन १९०० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

या पुस्तकात वादळेही आहेत. परंतु मनात राहते ती हिंदी महासागरातील एक साधी हकिकत. तेथील २३ दिवसांच्या प्रवासात स्लोकम यांना सुकाणूपाशी एकंदर तीन तासांहून अधिक वेळ बसावे लागले नाही. बांधणी आणि शिडांची मांडणी इतकी साधलेली होती, की नौका आपला मार्ग आपणच धरून चालली. हे वाचताना एखाद्या गवंड्याला किंवा सुताराला जे समाधान वाटेल, ते कुमारवयातील वाचकाला कोठून वाटणार? आरंभी मन लावून केलेले काम पुढे कसे साथ देते, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते.

अशा पुस्तकांतील शब्द कठीण असतात, ही तक्रार खरी आहे. शीड, सुकाणू, नांगर हे शब्द ओळखीचे. पण दोरांची आणि डोलकाठ्यांची नावे पानोपानी अडवतात. तरी घाबरण्याचे कारण नाही. जोसेफ कॉनरॅड हे जन्माने पोलिश. विशीनंतर ब्रिटिश जहाजांवर काम करता करता ते इंग्रजी शिकले. १८८४ साली मुंबईत ते 'नार्सिसस' या जहाजावर रुजू झाले आणि त्या प्रवासाच्या आधारे त्यांनी लिहिलेली कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. प्रौढपणी शिकलेल्या भाषेत ते थोर कादंबरीकार झाले. जहाजावर दोर आधी हाती येतो, त्याचे नाव मागाहून कळते. वाचकानेही असेच पुढे जावे. तोच शब्द पुन्हा भेटतो आणि हळूहळू उलगडतो.

या वाङ्मयाची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. त्यातील बहुतेक लेखन कप्तानांचे आणि अधिकाऱ्यांचे आहे. ब्रिटिश जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. त्यांना लस्कर म्हणत. रत्नागिरीकडील माणसे डेकवर काम करीत, गोव्याकडील स्वयंपाकघर सांभाळीत आणि सिल्हेटकडील भट्टीत कोळसा टाकीत. जहाज त्यांच्या कष्टांवर चाले. परंतु त्यांच्या हातची पुस्तके फारच थोडी. अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज' या २००८ सालच्या कादंबरीत लस्करांना मानाचे स्थान मिळाले, तेही इतक्या उशिरा. म्हणून सागरप्रवासाचे पुस्तक वाचताना, हे कोणी लिहिले आणि कोणाचे लिहायचे राहिले, हा प्रश्न मनात असू द्यावा.

हे चित्र थोडे बदलत आहे. २००९-१० मध्ये भारतीय नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. आपली हकिकत त्यांनी स्वतःच लिहिली. अशी पुस्तके मिळतील तेथून मिळवून वाचावीत. समुद्र दूर असला तरी हरकत नाही. ती वाचून झाल्यावर, आपणही रोज जे काम करतो त्याची हकिकत कोणी लिहिली आहे का, असे स्वतःला विचारावे. लिहिली नसेल, तर लहानपणी शाळा सुटलेल्या स्लोकम यांनी पुढे लेखणी हाती घेतली होती, हे आठवावे.