पेटीतला संगणक, पेटीबाहेरचा बाजार

अमेरिकेतील मायक्रॉन या कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी एक छोटेसे निवेदन काढले. ‘क्रुशियल’ या नावाने घरगुती ग्राहकांना संगणकाची रॅम विकण्याचा आपला २९ वर्षांचा व्यवसाय आपण बंद करीत असून, फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतच माल पाठवू, असा त्याचा मथितार्थ होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदा केंद्रांकडून येणारी मागणी एवढी वाढली आहे, की मोठ्या गिऱ्हाइकांकडे लक्ष द्यायचे तर किरकोळ गिऱ्हाईक सोडावे लागेल, असे कारणही कंपनीने आडपडदा न ठेवता दिले होते. आपल्याकडे फार थोड्या लोकांनी ही बातमी वाचली असेल. वर्ध्याला खेटून असलेल्या आमच्या सिंदी मेघेत मात्र ती एका घरात अगदी शब्दशः पाठ होती. त्या घरातला मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, आणि पाऊण लाखात खेळ खेळण्याजोगा संगणक सुटे भाग जुळवून घ्यायचा, असा घरात ठराव झालेला होता.

“काकाजी, रॅमचा भाव दर हप्त्याला बदलून राहिला,” असे म्हणत त्याने नागपूरच्या दुकानातली दोन कोटेशने माझ्यापुढे ठेवली. दोहोंत जेमतेम महिन्याचे अंतर होते. बाकीचे आकडे थोडेफार इकडेतिकडे झालेले. रॅमचा आकडा मात्र दुपटीवर गेलेला. बँकेतली माझी बरीच वर्षे लोकांची कोटेशने वाचण्यात गेली. कर्ज मागणारा काय बोलतो यापेक्षा त्याच्या कोटेशनात काय लिहिलेले नाही, हे आधी पाहायचे, ही त्या नोकरीची सवय. संगणकाच्या बाबतीत ती इतकी उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते.

मुळात खेळासाठी एवढा पैसा घालावाच का, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. त्यात अलीकडे एक गोंधळही मिसळला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक संमत केले, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली, आणि ‘गेमिंगवर बंदी आली’ एवढेच लोकांच्या कानी पडले. त्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. मोबाइलवरची पैशांची रमी, पैसे लावून बनवायचे क्रिकेटचे संघ वगैरे. ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना पदकेही होती. मुलगा टेबलावरच्या पेटीसमोर बसून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळतो म्हणजे तो जुगार खेळतो, असे समजणाऱ्या आईबापांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा. शिवाय हा संगणक काही खेळापुरता राहत नाही. त्याच यंत्रावर आराखडे काढणे, चित्रफिती जुळवणे, प्रोग्रॅम लिहिणे हे सारे होते. आणि मोबाइलच्या तुलनेत त्याचा एक मोठा गुण असा, की चार पेच काढले की आत काय आहे ते दिसते.

असेम्बल्ड संगणक आपल्या मध्यमवर्गाला नवा नाही. ज्यांना एचसीएल, विप्रो किंवा झेनिथचा तयार संगणक परवडत नसे, त्यांच्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून सुटे भाग गावोगाव जात. ओळखीचा एखादा पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येई आणि दुपारभरात पेटी उभी करून देई. त्यात फसवणूकही पुष्कळ चाले. परंतु एक भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा, आणि पुढे हातात पैसे आले की एकेक भाग वाढवायचा, ही आपल्या संसाराची रीत त्या यंत्रालाही लागू पडत होती. आज धोक्यात आली आहे ती ही रीत.

रॅम म्हणजे संगणकाची काम करतानाची स्मृती. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. विदा केंद्रांतल्या बुद्धिमान यंत्रांना लागणारी स्मृती वेगळ्या घडणीची असते. एकावर एक थर रचून ती बनवतात. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमच्या जवळजवळ तिप्पट सिलिकॉन तिच्यात खर्ची पडते. म्हणजे तिकडे एक माप दिले की इकडची तीन मापे कमी होतात. त्यातच १ ऑक्टोबर २०२५ रोजी सोलमध्ये सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांनी ओपनएआयबरोबर इरादापत्रे केली. त्यांत उद्दिष्ट ठेवले होते दरमहा नऊ लाख सिलिकॉन चकत्यांपर्यंतचे. त्यानंतर किरकोळ बाजारात जे झाले, त्याचेच ते दुसरे कोटेशन.

असे धक्के याआधीही बसले आहेत. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२१ मध्ये आभासी चलन ‘खणणाऱ्यांनी’ ग्राफिक कार्डे उचलली, तेव्हा खेळणाऱ्या पोरांना ती बघायलाही मिळेनात. पण पूर ओसरला, चलनाचा ज्वरही उतरला. या खेपेस ज्याने माल उचलला आहे त्याला भावाची फिकीर नाही. आणि कंपन्यांनाही घाई नाही, कारण २०२३ मध्ये याच रॅमचे भाव कोसळून त्यांनी मोठा तोटा सोसला होता. नवा कारखाना उभा राहायला काही वर्षे जातात. तोवर मागणी टिकली नाही तर काय, ही धास्ती त्यांच्या हिशेबात आहे. आमच्या गुजरातेत साणंदला मायक्रॉनचाच प्रकल्प येतो आहे, मग आपल्याला स्वस्त मिळेल ना, असे त्या मुलाच्या वडिलांनी विचारले. २०२३ साली जाहीर झालेला हा प्रकल्प २७५ कोटी डॉलरचा, त्यातला सत्तर टक्के भार केंद्र आणि गुजरात सरकारचा. पण तिथले काम जुळणीचे आणि तपासणीचे. सिलिकॉनच्या चकत्या बाहेरून यायच्या आणि तयार मालाचा भाव जगाच्या बाजारात ठरायचा. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. हिंगणघाटच्या बाजारात कापूस आपला असतो, गाडी आपली असते, पण ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा भाव कुठे ठरतो हे सर्वांना पुन्हा एकदा कळले.

मग घ्यायचे काय? मी कोटेशन वाचायला घेतले ते खालून. वर प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांची नावे सविस्तर, पिढीच्या आकड्यासह लिहिलेली होती. खाली ‘एसएमपीएस ५०० वॅट’ एवढेच. ना कंपनी, ना मॉडेल, ना हमीचा काळ. ज्या ओळीत नाव नसते तिथेच दुकानदाराचा नफा असतो, हे कोणत्याही धंद्याच्या कोटेशनला लागू. एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारी डबी. ती हलकी निघाली आणि जळाली तर कधीकधी मदरबोर्डलाही सोबत घेऊन जाते. आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाब खालीवर होतो, बऱ्याच घरांचे अर्थिंग नावापुरते असते. तेव्हा पहिला खर्च इथे: नावाजलेल्या कंपनीचा, कार्यक्षमतेची ‘८० प्लस’ खूण असलेला, पाचएक वर्षांची हमी असलेला एसएमपीएस, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगची तपासणी. हे ऐकून मुलाचा चेहरा पडला. एसएमपीएस मित्रांना दाखवता येत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. यंत्रांच्या कसोट्यांचे आकडे आपण वाचतो ते वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतले असतात. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. म्हणजे महागडा प्रोसेसर घेऊन स्वस्तातला वेग मिळायचा. समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट दिसते देखणी, पण हवा घेते कमी. पुढे जाळी असलेली साधी कॅबिनेट आमच्याकडे बरी. आणि ती कूलरच्या झोतात ठेवू नये. विदर्भात प्रत्येकाला वाटते, की आपल्याला गार लागते ते यंत्रालाही मानवेल. कूलरची दमट हवा धूळ घेऊन आत शिरते आणि पंख्यांच्या पात्यांवर अक्षरशः चिखल बसतो. विजेच्या बिलाचाही हिशेब करून घ्यावा. असे यंत्र खेळताना साडेतीनशे वॅट ओढते असे धरले, तर रोज चार तासांचे महिन्याला ४२ युनिट होतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांची पायरी ओलांडली की दर चढतो, हे गृहिणींना ठाऊक आहेच.

ग्राफिक कार्डाबाबत मात्र आमचा वाद झाला. त्याला ‘जीटीए’चा सहावा भाग डोळ्यांसमोर ठेवून जास्तीत जास्त भारी कार्ड हवे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या खेळाची तारीख पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ जाहीर झाली, ती प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्यासाठी. त्या घोषणेत संगणकाचे नावच नव्हते. जो खेळ आपल्या यंत्रावर केव्हा येईल हे त्याच्या कर्त्यांनीच सांगितलेले नाही, त्याच्यासाठी आज कार्ड घेणे म्हणजे मुलगी दहावीत असताना वरातीचा घोडा बांधून ठेवणे. तो आणि त्याचे मित्र रोज खेळतात ते ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’. हे खेळ मध्यम कार्डावर सुरळीत चालतात. मॉनिटर साध्या १०८० रेषांचा असेल तर मे २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० सारखे ८ जीबीचे कार्ड आजच्या खेळांना बहुतांशी पुरते. पुढच्या मोठ्या खेळांना ८ जीबी तोकडे पडेल, हा त्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण कार्ड हा बदलता येणारा भाग आहे.

इथे मला मगनवाडीची आठवण होते. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आमच्यापासून फार लांब नाही. त्याआधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्याच्या अटी म्हणजे उत्तम कोटेशन कसे मागवावे याचा नमुना आहे. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. बाईमाणसाला आठ तास न थकता चालवता यावा. वेळच्या वेळी देखभाल केल्यास वीस वर्षे टिकावा. किर्लोस्करांच्या कारखान्यातूनही एक यंत्र त्यासाठी तयार झाले, पण ते बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. अटी फार कडक होत्या, असे म्हणणारे म्हणोत. यंत्र किती सूत काढते याच्या जोडीला ते किती वर्षे आणि कोणाच्या हाताने दुरुस्त होईल, हे त्यांनी आधी विचारले होते. आजच्या जाहिरातीत फक्त सूत मोजलेले असते.

तयार लॅपटॉपकडे पाहा. पुष्कळशा पातळ लॅपटॉपांत रॅम पाटीवरच डाख देऊन बसवलेली असते. ८ जीबी घेतली की जन्मभर ८ जीबी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे यंत्र घ्यायचेच नाही, खेळ दूरच्या विदा केंद्रात चालवायचा आणि दरमहा भाडे भरायचे. ज्या केंद्रांसाठी आपली रॅम महागली त्यांच्याच दारात आपण भाडेकरू म्हणून उभे राहायचे, असा हा व्यवहार आहे. बँकेत असताना मी भाड्याच्या आणि मालकीच्या यंत्रांचे बरेच हिशेब पाहिले. भाडे वाईटच असते असे नाही. पण ज्याच्याकडे विकायला, गहाण टाकायला किंवा धाकट्या भावाला द्यायला काही उरत नाही, त्याला पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. सरकारचे लक्षही मोठ्या उत्पादकांकडे आहे. मे २०२३ मध्ये मंजूर झालेली १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हर बनवणाऱ्यांसाठी आहे. सुटे भाग जुळवून देणारा सीताबर्डीचा किंवा वर्ध्याचा दुकानदार कोणत्याच योजनेत बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यानंतर जुने संगणक घेऊन लोक त्याच्याकडेच जातात.

शेवटी आम्ही कोटेशन नव्याने मांडले. एसएमपीएस ६५० वॅटचा, पुढच्या कार्डालाही पुरेल असा. प्रोसेसर मधल्या दर्जाचा. मदरबोर्ड निवडताना त्याने एएमडीचा जुना एएम४ आणि २०२२ मध्ये आलेला एएम५ असे दोन मार्ग मांडले. एएम४ वर डीडीआर४ जातीची जुनी रॅम चालते आणि त्याच्या मावसभावाच्या बंद पडलेल्या संगणकातली १६ जीबी फुकट मिळत होती. एएम५ ला नवी डीडीआर५ च लागते, पण त्यावर पुढच्या पिढीचे प्रोसेसर बसतील. वडील पहिल्या मार्गाचे, मुलगा दुसऱ्याचा. मी वडिलांच्या बाजूने मत दिले असते, पण चार वर्षांनी प्रोसेसर बदलायची वेळ येईल तेव्हा तो मुलगाच कमावता असेल, हे ध्यानात घेऊन गप्प राहिलो. अखेर एएम५ ठरला. चार खाचांचा मदरबोर्ड, त्यात ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि दोन खाचा रिकाम्या. रॅमचे भाव उतरले तर त्या भरायच्या. न उतरले तर १६ जीबीवर आजचे बरेचसे खेळ चालतात. मात्र चारही खाचा भरल्या की वेग थोडा खाली आणावा लागतो, हेही त्यानेच मला सांगितले.

ज्यांच्या घरी क्रुशियलची रॅम आधीपासून आहे, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. विकलेल्या मालाची हमी आपण पाळू, असे मायक्रॉनने त्याच निवेदनात म्हटले आहे. जुने बिल शोधून ठेवावे, आणि पट्टीवरच्या चिठ्ठीचा क्रमांक पुसट होण्याआधी त्याचा फोटो काढून घ्यावा.