शांततेचा खर्च दोघांनी मिळून उचलावा

सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वर्षी जन्मलेली आमची मुले आता मतदार झाली आहेत, तरी तारखा पडतच आहेत. पण बांधावरच्या भांडणात निघालेला कोयता तारखेची वाट पाहत नाही. दारूच्या दुकानाबाहेर फुटणारी डोकी आणि जत्रेत उफाळणारी जुनी खुन्नस यांना कोर्टाची स्थगितीही मिळत नाही. हे रोखण्यासाठी पैसा कोणी खर्च करायचा, हा प्रश्न निपाणी भागाने आता उघडपणे विचारला पाहिजे.

राज्यघटनेप्रमाणे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्याचा विषय आहे. पोलिसांचा पगार, गाडी, ठाणे हे सर्व बेंगळुरूच्या तिजोरीतून चालते. रस्त्यावरचे दिवे मात्र बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकेच्या कामात मोडतात. त्यामुळे तक्रार घेऊन गेलेला माणूस दोन्हीकडे हेलपाटे घालतो. नगरपालिकेत गेले तर मारामारी हा पोलिसांचा विषय, आणि ठाण्यात गेले तर बंद दिवा हा नगरपालिकेचा विषय! गुन्हा घडल्यावर पंचनामा करायला यंत्रणा आहे. भांडण पेटण्याआधी दोन घरांना समोरासमोर बसवणे हे मात्र कोणाच्याच नावावर नाही.

दूधगंगेचा पूल ओलांडून कागल तालुक्यात गेले की याचे एक उत्तर पाहायला मिळते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. त्यावेळी गृहखाते आर. आर. पाटील यांच्याकडे होते. ग्रामसभेने समिती निवडायची, दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र असे फौजदारी तंटे गावातच मिटवायचे, आणि मूल्यमापनात उतरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांच्या घरातील बक्षीस शासनाने द्यायचे, अशी ती रचना. पैसा राज्याचा आणि राबणूक गावाची. आमच्या लेकी-बहिणी ज्या गावांत नांदतात, त्या गावांनी हा प्रयोग केला. आम्ही अलीकडच्या काठावरून तो पाहत राहिलो.

त्या मोहिमेचे दोषही आम्ही झाकणार नाही. बक्षिसाच्या ओढीने काही ठिकाणी तंटे मिटण्याऐवजी दाबले गेले. समितीच्या अध्यक्षपदावरूनच तंटे उभे राहिले आणि पुढे उत्साह ओसरला. मिटवणे आणि दाबणे यांत फरक आहे. बायकोला मारहाण, दलितांवरील अत्याचार, मुलींची छेडछाड ही प्रकरणे पाटलाच्या सोप्यात बसून मिटवायची नसतात. तेथे गुन्हाच दाखल झाला पाहिजे. वर्षातून एकदा बक्षीस देण्यापेक्षा दरवर्षी ठरलेली रक्कम आणि तिचा चोख हिशेब अधिक उपयोगी, हा धडा आपण घ्यावा.

लांबचे उदाहरण हवे असेल तर स्कॉटलंडचे पाहा. ग्लासगो शहर चाकूहल्ल्यांसाठी बदनाम होते. तेथील पोलिसांनी २००५ मध्ये हिंसाचार कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि पुढच्या वर्षी तो देशभर लागू झाला. सरकारने पैसा दिला. पोलीस, डॉक्टर, शाळा आणि समाजसेवक एकत्र बसले. पुढील दहा वर्षांत स्कॉटलंडमधील खुनांची संख्या निम्म्याहून खाली आली. सारे श्रेय त्या एका विभागाचे नसेल, पण एकट्या लाठीने हे साधले नाही एवढे नक्की.

लाठी आणि गोळी निपाणीला नवी नाही. ६ एप्रिल १९८१ रोजी तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर झालेला गोळीबार हे गाव विसरलेले नाही. म्हणूनच आम्ही नुसता पोलीस बंदोबस्त वाढवा असे म्हणत नाही. आमच्या मागण्या अशा :

१) कर्नाटक शासन, निपाणी नगरपालिका आणि तालुक्यातील ग्रामपंचायती यांनी मिळून कायमचा शांतता निधी उभारावा. मोठा वाटा शासनाचा असावा, कारण मोठी तिजोरी त्यांची आहे.

२) हा पैसा दिवाबत्ती, व्यसनमुक्ती, तालमी आणि बेकार तरुणांसाठी कामाचे शिक्षण यांवर खर्च व्हावा. त्याचा हिशेब मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत ग्रामसभेपुढे यावा.

३) पोलीस ठाण्यात मराठी माणसाची तक्रार त्याला कळणाऱ्या भाषेत ऐकून व वाचून दाखवावी. न कळलेल्या कागदावर अंगठा उठवून न्याय मिळत नाही.

४) बेळगाव आणि कोल्हापूर जिल्हा पोलिसांच्या ठरावीक बैठका व्हाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. सीमेवरच्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवे.

काहीजण विचारतील, कर्नाटकाकडे निधी मागणे म्हणजे त्यांचा हक्क मान्य करणे नव्हे काय? मुळीच नव्हे. कर आम्ही येथे भरतो आणि घरपट्टीही येथेच भरतो. स्वतःच्या पैशातून सुरक्षितता मागितल्याने आमचा दावा तसूभरही कमी होत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ८६५ सीमाभागातील गावांसाठी आरोग्य योजना पुढे आणली, तेव्हा आजारी माणसाला खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांब असे कोणी म्हटले नव्हते. मग मार खाणाऱ्याला तरी का थांबवायचे?

येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने शांतता निधीचा ठराव मांडावा, त्याची प्रत तहसीलदार, नगरपालिका आणि आमदारांना द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. सीमालढा आपण पिढ्यान्‌पिढ्या लढत आलो आहोत. तो लढणारी पोरे एकमेकांच्या कोयत्याने कमी होता कामा नयेत.

जय महाराष्ट्र!